बांधामागची भूमी : दक्षिण हॉलंड आणि रायगडचा खारेपाट

रायगड जिल्ह्यात धरमतरच्या खाडीलगत, पेण आणि अलिबाग या तालुक्यांत, एक सखल व जवळजवळ सपाट पट्टा पसरलेला आहे. लोक त्यास ‘खारेपाट’ म्हणतात. या पट्ट्यातील शेते उधाणाच्या भरतीचे पाणी जेथवर चढते त्या पातळीच्या खाली आहेत. शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा एक बांध उभा आहे म्हणून तेथे भात पिकते. बांध नसता तर दिवसातून दोनदा तेथे खारे पाणी आले असते. शहापूर, धेरंड, माणकुळे अशा गावांतील शेतकऱ्याच्या सात-बारा उताऱ्यावर बांधाचा उल्लेख असो वा नसो, त्याची खरी मालमत्ता हा बांधच होय.

अशाच बांधामागे एक संपूर्ण प्रांत वसलेला आहे. नेदरलँड्स देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील दक्षिण हॉलंड हा तो प्रांत. १८४० मध्ये जुन्या हॉलंड प्रांताचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग करण्यात आले, तेव्हापासून त्याचे स्वतंत्र अस्तित्व आहे. देशाचे शासन जेथून चालते ते हेग शहर या प्रांताची राजधानी असून युरोपातील सर्वांत मोठे बंदर रॉटरडॅम हेही येथेच आहे. जमिनीचे क्षेत्र सुमारे २,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे रायगड जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. आणि लोकसंख्या २०२३ मध्ये सुमारे ३८ लाख. दर चौरस किलोमीटरला सुमारे १,४०० माणसे हे प्रमाण युरोपात फार मोठे समजले जाते. कोकणच्या वाचकास मात्र ते अपरिचित वाटणार नाही. पालघर जिल्हा वेगळा होण्यापूर्वीच्या, २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर आणि घनता १,१५७ होती. म्हणजे दाट वस्ती आणि उंबरठ्याशी समुद्र ही स्थिती दोहोंकडे सारखीच आहे. कारभार मात्र सारखा नाही. बांध कोणी राखावा, त्याचा खर्च कोणी द्यावा आणि त्यासंबंधी निर्णय कोणी घ्यावा, या तीन प्रश्नांना दक्षिण हॉलंडमध्ये एकच उत्तर आहे. खारेपाटात त्यांची उत्तरे निरनिराळ्या काळी निरनिराळी झाली, आणि आज ती निरनिराळ्या कार्यालयांत विखुरलेली आहेत.

दोन समुद्र, दोन प्रकारची जमीन

समुद्रापासून दूर राहणाऱ्या वाचकास, मग तो विदर्भातील असो की ग्वाल्हेरच्या शिंदे की छावणीतील, भरती-ओहोटीचा हिशेब सहसा ठाऊक नसतो. म्हणून तो प्रथम सांगणे आवश्यक आहे. समुद्राचे पाणी दिवसातून दोन वेळा चढते व दोन वेळा उतरते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास ते सर्वांत अधिक चढते, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार सर्वांत कमी असतो, त्यास भांग म्हणतात. मुंबईच्या परिसरात मोठ्या उधाणाला भरती व ओहोटी यांच्या पातळींत चार मीटरांहूनही अधिक अंतर पडते. हॉलंडच्या किनाऱ्यावर हेच अंतर साधारणपणे पावणेदोन मीटर असते.

या एका फरकातून पुढचा सारा फरक निर्माण झाला आहे. खारेपाटातील जमीन भरतीच्या पातळीखाली असली, तरी ओहोटीच्या पातळीच्या वर आहे. त्यामुळे बांधात लाकडी दाराची ‘उघाडी’ बसविली की काम भागते. भरती येऊ लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतील पावसाच्या पाण्याच्या दाबाने ते उघडते आणि शेतातील पाणी खाडीत निघून जाते. या योजनेला ना इंधन लागते, ना यंत्र. हॉलंडमधील बरीच जमीन मात्र ओहोटीच्या पातळीच्याही खाली आहे. तेथील मूळ भूमी दलदलीची, कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची होती. शेतीसाठी तिच्यातील पाणी काढून टाकले तशी ती सुकून बसत गेली. खाली बसली म्हणून पुन्हा पाणी काढावे लागले, आणि पाणी काढले म्हणून ती आणखी खाली गेली. अशा जमिनीचे पाणी आपोआप वाहून जाणे शक्य नसल्यामुळे ते उपसावे लागते. जगभर चित्रांतून परिचित झालेल्या तेथील पवनचक्क्यांपैकी बऱ्याचशा पीठ दळण्यासाठी नव्हे, तर पाणी उपसण्यासाठी बांधलेल्या होत्या. किंडरडाइक येथे अशा १९ चक्क्या अद्याप उभ्या आहेत. आता उपशाचे काम विजेवर वा तेलावर चालणारे पंप करतात. न्यूवेरकेर्क या गावाजवळील जमीन समुद्रसपाटीच्या ६.७६ मीटर खाली असून देशातील ते सर्वांत सखल स्थान होय.

पावसाच्या बाबतीत मात्र कोकणचे काम अधिक कठीण आहे. हॉलंडमध्ये वर्षभरात मिळून सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस बाराही महिने विभागून पडतो. रायगडात त्याच्या तिप्पट-चौपट पाऊस चार महिन्यांत कोसळतो. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली तर उघाडी मिटलेली राहते आणि आतले पाणी आतच तुंबते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी मुंबईतील पाण्याला वाट न मिळण्यास भरतीही कारणीभूत होती.

जलमंडळ : पाण्याच्या सीमेवर आखलेली संस्था

दक्षिण हॉलंडच्या सर्वसाधारण कारभाराची रचना थोडक्यात अशी आहे. सर्वांत खाली नगरपालिका. २०२३ मध्ये त्यांची संख्या पन्नास होती. त्यांच्यावर प्रांताची ५५ सदस्यांची निर्वाचित सभा, तिची मुदत चार वर्षे. सभेचे अध्यक्षपद व कार्यकारी मंडळाचेही अध्यक्षपद राजाच्या नावाने नियुक्त होणाऱ्या आयुक्ताकडे असते. आपल्याकडील जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषद यांची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. एक नियुक्त, दुसरी निर्वाचित. प्रांताकडे मुख्यतः जमिनीच्या वापराचे नियोजन, रस्ते, निसर्गरक्षण अशी कामे असतात.

परंतु या तीन पायऱ्यांच्या बाजूला एक चौथी संस्था आहे आणि ती या साऱ्यांहून जुनी आहे. तिला मराठीत जलमंडळ म्हणता येईल. ऱ्हाइनलांड, डेल्फलांड, स्खीलांड ही या प्रांतातील जलमंडळांची नावे तेराव्या शतकापासून चालत आलेली आहेत. एकाच बांधामागे राहणाऱ्या आणि एकाच चरातून ज्यांचे पाणी जाते अशा गावांनी एकत्र येऊन ती स्थापन केली. म्हणून जलमंडळाची हद्द राज्यकर्त्याने आखलेल्या सीमेप्रमाणे नसून पाण्याच्या ओघाप्रमाणे असते. कित्येकदा ती प्रांताची सीमाही ओलांडते. पूर्वी देशात अशी शेकडो लहान मंडळे होती. विलीनीकरण होत होत २०१८ पासून ती संपूर्ण देशात २१ उरली आहेत.

जलमंडळाची निवडणूक होते. त्याच्या प्रमुखास ‘दाइकग्राफ’, म्हणजे बांधाचा अधिपती, असे जुनेच पदनाम आहे. मंडळ आपला कर स्वतः बसविते. रहिवासी, घरमालक आणि शेतजमिनीचा मालक या सर्वांना तो द्यावा लागतो, आणि मंडळाचा जवळजवळ सर्व खर्च या करातून भागतो. तत्त्व असे की, ज्याचे हित बांधाशी निगडित आहे त्याने पैसा द्यावा, आणि जो पैसा देतो त्यास निर्णयात आवाज असावा. शाळा, दवाखाने, रस्ते यांच्या मागण्यांशी बांधाच्या पैशाची स्पर्धा होत नाही, हा याचा मोठा फायदा. बांधाचे काम दिसत नाही. तो जोवर शाबूत आहे तोवर त्याच्यावर खर्च करण्याची निकड कोणासही वाटत नाही. म्हणूनच त्याचा पैसा वेगळा ठेवणे शहाणपणाचे ठरते.

जुन्या काळी याहून कठोर रूढी होती. प्रत्येक शेतकऱ्याकडे बांधाचा ठराविक लांबीचा तुकडा नेमून दिलेला असे. ज्यास त्याची निगा राखणे अशक्य होई तो आपली कुदळ बांधात रोवून निघून जाई. ती कुदळ जो उपटील त्याला त्या माणसाची जमीन मिळे आणि बांधाची जबाबदारीही त्याच्यावर येई. आज ही रूढी नाही. पण ठरल्या दिवशी मंडळाचे अधिकारी बांध व चर यांची पाहणी करतात, आणि ज्याच्या हद्दीतील चर साफ केलेला नसेल त्यास दंड होतो, ही चाल अद्याप चालू आहे.

एवढे असूनही संकट आले नाही असे नव्हे. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रावरील वादळ आणि उधाण एकत्र आले. नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. दक्षिण हॉलंडची दक्षिणेकडील बेटे बुडाली. वर उल्लेखिलेल्या न्यूवेरकेर्कजवळ नदीकाठच्या बांधाला पहाटे खांड पडली. तिच्यामागे देशातील सर्वांत सखल जमीन आणि लक्षावधींची वस्ती होती. गावच्या नगराध्यक्षाने तेथून जवळच असलेली एक मालवाहू नौका ताब्यात घेतली आणि तिचा नावाडी आरी एव्हेग्रून याने ती थेट खांडीत नेऊन आडवी घातली. पाण्याच्या दाबानेच ती एखाद्या दारासारखी बांधाला चिकटली आणि तेवढ्या अवधीत लोकांनी वाळूच्या पोत्यांनी खांड बुजविली. त्या नौकेचे नाव ‘दोघे भाऊ’ असे होते.

या दुर्घटनेनंतर दुसऱ्याच वर्षी, १९५४ मध्ये, जलमंडळांना कर्ज देणारी स्वतंत्र बँक हेगमध्ये स्थापन झाली. मोठी धरणे व दारे मात्र केंद्र शासनाने बांधली, कारण ते काम एकट्या मंडळाच्या आवाक्याबाहेरचे होते. रॉटरडॅमच्या समुद्रमार्गावरील प्रचंड दुहेरी दार १९९७ मध्ये पूर्ण झाले. एरवी ते उघडे असते. वादळाच्या प्रसंगी ते २००७ मध्ये आणि पुढे २०२३ च्या डिसेंबरातही मिटवावे लागले. तत्त्वतः हे दार म्हणजे खारेपाटातील उघाडीचेच एक अवाढव्य भावंड आहे.

खारेपाटात बांध कोणाचा?

कोकणातही बांधाची व्यवस्था लहरीवर सोडलेली नव्हती. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात (रायगड हे नाव १९८१ पासूनचे) खाडीकाठची जमीन समुद्रापासून मिळविणाऱ्यास ‘शिलोत्री’ म्हणत. खाडीकडचा मोठा बांध शिलोत्र्याने राखावा आणि त्याबद्दल कसणाऱ्याने बिघ्यामागे ठराविक धान्य द्यावे, असा हा व्यवहार होता. आतील लहान बांध कसणारा स्वतः राखी. याखेरीज अंगमेहनतीने एकत्र येऊन बांधबंदिस्ती करण्याची ‘जोळ’ नावाची पद्धत खारेपाटात होती. बांधाला खांड पडल्याची हाळी आली की घरागणिक माणसे चिखल काढण्यास बाहेर पडत.

या व्यवस्थेत एक मोठा दोष होता, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बांधासाठी राबणारा आणि जमिनीवर हक्क सांगणारा हे एक नव्हते. खोत व सावकार यांच्या मागण्यांनी कसणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नसे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे २५ गावांच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमीन न कसण्याचा निर्धार केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या संपास पाठिंबा दिला. १९३९ पर्यंत तो चालला. सहा वर्षे भाताचे पीक सोडून देणाऱ्या त्या कुटुंबांनी रानातील लाकूडफाटा विकून आणि खाडीतील मासळीवर दिवस काढले. खोती नष्ट करणारा १९४९ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन ही या संघर्षानंतरची फळे होत. त्या दिवसापासून कायद्याने कूळ जमिनीचे मालक मानले गेले.

मात्र जमीन वाटली गेली तसा बांध वाटता येत नाही. शंभर शेतकऱ्यांची शेते एका बांधामागे असतात. त्यांपैकी नव्याण्णवांनी आपापला भाग उत्तम राखला आणि एकाने दुर्लक्ष केले, तरी पाणी त्या एका जागेतून शिरून शंभरांच्याही शेतात पसरते. शिलोत्री गेले, धान्याची वर्गणी थांबली, आणि मोठा बांध कोणाचा हा प्रश्न उभा राहिला. १९४८ च्या मुंबई खारभूमी अधिनियमाने खारभूमी विकास मंडळाची तरतूद केलेलीच होती. पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियमाने बांध व उघाड्या बांधण्याचे व राखण्याचे काम शासनाकडे आणले आणि लाभधारकांवर उपकर बसविण्याची तरतूद केली. शासनाने हे काम हाती घेतले नसते तर कित्येक गावांची शेती तेव्हाच संपली असती, हे मान्य केले पाहिजे. तथापि, बांध शासनाचा झाला तशी जोळ मोडली, हेही तितकेच खरे. पूर्वी खेकड्याने पाडलेले बीळ दिसताच शेतकरी ते पायाने दाबून बुजवी. आता तेच बीळ कोणी तरी येऊन पाहील म्हणून तसेच राहते.

खांड आणि कागद

बांधाला पडणाऱ्या खांडीचा स्वभाव समजून घेतला म्हणजे कारभाराची अडचण स्पष्ट होते. प्रारंभी ती हात-दोन हात रुंदीची असते. प्रत्येक भरती पाणी आत आणते, प्रत्येक ओहोटी ते बाहेर खेचते, आणि या ये-जा करण्यात दोन्ही बाजूंची माती झडत जाते. पहिल्या भांगाला गावातील माणसे चिखल, मेढी आणि पेंढा वापरून ती बांधू शकतात. ती संधी हुकली व मध्ये एक उधाण गेले की काम गावाच्या हाताबाहेर जाते. एक पावसाळा गेला तर शेत खाडीचाच भाग बनते. खारे पाणी एकदा शिरले की नंतर बांध पूर्ववत केला तरी जमिनीतील क्षार पावसाने धुऊन निघण्यास दोन-तीन पावसाळे लागतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने ‘पनवेल’ या नावाने क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत; पण क्षार सहन करणारे पीकदेखील भरतीच्या पाण्यात उभे राहू शकत नाही. शेताबरोबर गोड्या पाण्याची तळी आणि त्यांत वाढविलेला खारेपाटाचा प्रसिद्ध जिताडाही संकटात येतो.

खांड तशीच राहिली तर काही वर्षांत तेथे कांदळवन वाढते. येथे प्रश्न खरोखर अवघड होतो. कांदळवन किनाऱ्याचे रक्षण करते, मासळीचे ते जन्मस्थान आहे. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या तोडीस मनाई केली आणि २०१८ च्या निकालाने ती कायम केली. हे संरक्षण योग्यच आहे. परंतु त्यामुळे ज्या शेतकऱ्याच्या भातखाचरात निव्वळ बांध फुटल्यामुळे कांदळ उगवले, त्यास ते काढून शेत पुन्हा करता येत नाही. सात-बारावर शेत, प्रत्यक्षात वन, अशी त्याची स्थिती होते. बांध खारभूमी खात्याकडे, जमिनीची नोंद महसूल खात्याकडे, कांदळवन वन खात्याकडे, खाडीतील वाहतूक १९९६ पासून महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. प्रत्येक कार्यालयाचे काम त्याच्या नियमाप्रमाणे बरोबर असू शकते आणि तरीही खांड उघडीच राहते. गावाबाहेरील कोणत्या बांधाचा शासकीय योजनेत समावेश आहे आणि कोणता खाजगी राहिला, हेही पुष्कळ शेतकऱ्यांस बांध फुटल्यानंतरच कळते.

गोव्याच्या खाजन शेतीत हाच प्रश्न निराळ्या रूपाने दिसतो. तेथे बांध व ‘मानस’ (उघाडीचे गोव्यातील नाव) पूर्वी गावकारीच्या, म्हणजेच कोमुनिदादीच्या, देखरेखीत असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ते काम कुळांच्या संघांकडे आले. मानशीवर जाळे लावून मासे धरण्याचा लिलाव होतो व त्यातून संघाला उत्पन्न मिळते. परंतु मासळी अधिक यावी म्हणून मानस अवेळी उघडी ठेवली तर खारे पाणी शेतात येते. ज्याला मासळीचा लाभ त्याला शेतीच्या हानीची झळ नाही, असे झाले की संघ असूनही बांध सुरक्षित राहत नाही. अर्थात संस्था स्थानिक असणे पुरेसे नाही. हानी आणि निर्णय एकाच्याच वाट्याला येतील अशी तिची रचना असावी लागते.

हॉलंडची पद्धत आपल्या परिसरात अगदीच नवी आहे असे मात्र समजू नये. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने खाडीकाठच्या सखल जमिनीवर नवी मुंबई वसविली, तेव्हा वाशी, नेरूळ, बेलापूर आदी भागांत डच पद्धतीचे धारण तलाव खोदण्यात आले. भरतीच्या वेळी त्यांची दारे मिटतात आणि वस्तीतील पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटी लागली की ते खाडीत सोडले जाते. या तलावांत आता गाळ साचला आहे, त्या गाळावर कांदळ वाढले आहे, आणि गाळ काढण्यापूर्वी परवानगीचा प्रश्न येतो. खारेपाटातील शेतकऱ्याची जी अडचण, तीच येथे लक्षावधी नागरिकांच्या दाराशी आली आहे.

लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांचा संघ, त्याच्याकडे उपकराचा काही वाटा, आणि पहिल्या भांगातच खांड बांधण्यासाठी तो खर्च करण्याचा अधिकार, एवढी व्यवस्था झाली तर जोळ आणि शासन यांची सांगड बसू शकेल. पाटबंधाऱ्यांवर पाणीवापर संस्थांना २००५ च्या कायद्याने असे स्थान मिळालेले आहे. खाडीकाठच्या बांधावर तसे अद्याप नाही. तूर्त ग्रामपंचायतीस जे करता येईल ते साधे आहे. गावच्या प्रत्येक बांधाची लांबी, त्यावरील उघाड्या, त्यामागील गट क्रमांक आणि बांध शासकीय की खाजगी, यांची नोंद एका वहीत असावी. होळीनंतर ओहोटीच्या वेळी बांधावरून चालत जाऊन बिळे, खचलेल्या जागा आणि कुजलेली दारे टिपून घ्यावीत. शाळेतील वरच्या वर्गाच्या मुलांना या फेरीत नेता येते, कारण भूगोलाच्या पुस्तकातील भरती-ओहोटी त्यांना तेथे प्रत्यक्ष दिसते. दुरुस्तीस मिळणारा काळ मेअखेरपर्यंतचाच आहे. जूनमधील पहिल्या मोठ्या उधाणाच्या आधी उघाडीचे दार बसलेले असावे लागते.